एक नंबरचा खिळा

कुणी मला "तू हो पुढे, मी आलेच" असं म्हटलं, की मी आजही जागची हलत नाही. भाजीवाल्याकडे मैत्रीण म्हणते, लग्नाच्या हॉलच्या पायऱ्यांवर जाऊबाई म्हणते, आणि मी खांबासारखी तिथेच उभी राहते. "अगं, हो ना पुढे!" "नाही. तू आधी." घरचे हसतात. सूनबाई म्हणते, आईंचं सुरू झालं. होऊ दे सुरू. हा चक्रमपणा मुळात माझा नाहीच. तो ज्याच्याकडून आला त्याला आम्ही सगळेच चक्रम म्हणायचो, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी बोरिवलीला राहायचे, बी.कॉम. होऊन घरात बसले होते. मनोरीला समुद्राच्या अंगाला एका मालकाची आठ कॉटेजेस होती, तिथे मला नोकरी लागली. आलेल्यांची नावं रजिस्टरात लिहायची, खोल्या दाखवायच्या, चहा-जेवणाचं बघायचं. मालाडहून बस, मार्व्याच्या धक्क्यावरून होडी, आणि पलीकडे उतरून वीस मिनिटं पायपीट. पाहुणे यायचे मुलुंडचे, घाटकोपरचे, अंधेरीचे. दोन दिवस समुद्र बघायचा, मासे खायचे आणि सोमवारी पुन्हा ऑफिस. मालकांच्या डोक्यात आलं, की या लोकांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा जरा फिरवून आणावं. त्यांनी गेटवर पाटी लावली, 'समुद्रकिनारी व डोंगरात सोप्या फेऱ्या. वयस्करांना व मुलांनाही जमतील.' आणि फिरवायला माणूस ठेवला तो हा.

पन्नाशी उलटलेला, काटकुळा, डोक्यावर कानटोपी, खांद्यावर सुंभाच्या दोराचं वेटोळं, गळ्यात शिट्टी आणि डिसेंबरातही काखेत छत्री. मूळचा मालवणकडचा. पंचवीस-तीस वर्षं गिरणीत काढलेली, मग संप झाला, गिरणीला टाळं लागलं आणि हे जोगेश्वरीच्या खोलीत बसून राहिले. मालकांचा ड्रायव्हर त्यांच्या वाडीतला, त्याने आणून उभं केलं. सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी काकांनी मालकांच्या पाटीखाली खडूने लिहून टाकलं, 'घाबरणाऱ्यांनी यावे. न घाबरणाऱ्यांनी येऊ नये.'

मालकांचं डोकं फिरलं. "अहो काका, गिऱ्हाईक पळवताय का?"

"पळतीत ते पळांदेत," काका म्हणाले. "घाबरणारो माणूस घराक येता."

झालं! गंमत बघा, फिरायला नेणारा माणूसच सगळ्यात भित्रा. समुद्राला भ्यायचा, डोंगराला भ्यायचा, गाईला, माडाखालून जायला, ओल्या शेवाळाला, आकाशात एक ढग आला तरी त्याला. मालवणचा माणूस, पण पावलं कधी पाण्यात घातली नाहीत. लाट जिथवर येऊन ओली रेघ सोडते तिथून चार हात लांब राहून चालायचे. पाहुण्यांची पोरं पाण्यात नाचायची आणि हे कोरड्या वाळूत शिट्ट्या फुंकत उभे. मी एकदा तोंडावरच विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येत नाही ना?"

"माका पेवूक येना नाय," त्यांनी शांतपणे सांगितलं. पेवणं म्हणजे पोहणं. "म्हणान तर मी बरो. पेवणारे आत जातत."

महिन्यातून एक फेरी डोंगराची असायची. बोरिवलीच्या मागच्या जंगलातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत, अगदी सोपी वाट, आजीबाईसुद्धा चढतील अशी. पण आधल्या संध्याकाळी काका सगळ्यांना गोळा करून सांगणार, की उद्या अत्तर लावायचं नाही, गजरा नाही, केसांना वासाचं तेल नाही. मोहोळ उठतं. एकदा घाटकोपरच्या एक बाई ऐकेनात, मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून आल्या. काका वाटेत मटकन खाली बसले. "मी नाय येणा." पंधरा माणसं उन्हात ताटकळली. शेवटी बाईंनी गजरा काढून झाडाला बांधला आणि मगच स्वारी उठली. मधमाशी एकही दिसली नाही. परतताना बाई गजरा शोधत होत्या आणि मी हसून हसून लोळायची बाकी होते.

खरी गंमत बिल्ल्यांची होती. काकांनी तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे गोल कापून, कडा घासून, खिळ्याने ठोकून त्यावर आकडे पाडले होते. प्रत्येक बिल्ल्याला सुताचा दोरा. ऑफिसच्या व्हरांड्यात एक फळी, फळीवर पंचवीस खिळे, खिळ्यांवर बिल्ले. फिरायला निघताना प्रत्येकाने एक बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आल्यावर आपल्या हाताने त्याच खिळ्यावर लावायचा. बोर्ड भरला की काका चहा प्यायचे, तोपर्यंत थेंब नाही. हे गिरणीतून आलेलं. त्यांच्या खात्यात अशीच रीत होती म्हणे. आत जाताना बोर्डावरून आपला पितळी बिल्ला काढायचा, बाहेर पडताना लावायचा. बोर्ड बघितला की आत किती, बाहेर किती ते कळतं.

त्यात दोन नियम होते. पहिला, आपला बिल्ला आपणच लावायचा. नवऱ्याने बायकोचा लावायचा नाही, आईने पोराचा लावायचा नाही. दीड वर्षाच्या बाळालासुद्धा उचलून खिळ्यापाशी धरायचे आणि त्याच्या मुठीने लावून घ्यायचे. दुसरा नियम आमचा आम्हीच शोधून काढला, कारण ते कधी बोलले नाहीत. एक नंबर कुणाला मिळायचा नाही. आकडे दोनपासून सुरू. पहिला खिळा कायम मोकळा.

प्रत्येक बॅचमध्ये एखादा विचारायचाच. "काका, एक नंबर कुणाला दिला?"

"एक नंबर भायर आसा."

बाहेर आहे, एवढंच. मी पाहुण्यांना मागून खूण करायचे, की बिल्ला हरवला असेल आणि म्हाताऱ्याला कबूल करायचं नाही.

एवढं करून समाधान नाही. बोर्ड भरला तरी काका व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन चपला मोजायचे. पायताणं काढल्याशिवाय वर यायचं नाही, हा त्यांचाच दंडक. बिल्ले चौदा तर चपलांचे जोड चौदा हवेत. "बिल्लो आता खोटा बोलात, चपला नाय बोलणत," असं पुटपुटत ओणवे होऊन बोट फिरवत बसायचे. मी मालकांना म्हटलंसुद्धा, यांना देवळाबाहेर बसवा, चांगलं जमेल.

माझं कामही त्यांनीच ठरवून दिलं होतं. ते सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे. "तू शेपूट गो बाय. तुझ्या पाठी कोण उरता नये." आणि वर हे, "पाठी बघत चल. समुद्र फुडसून येना नाय, पाठसून येता." वीस-बावीस वर्षांची पोरगी मी, मला शेपूट म्हणतात! राग यायचा. पण पगार चालू होता, म्हणून चालायचे.

भरती-ओहोटीचं त्यांचं गणित मात्र पक्कं होतं. तिथी विचारायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं. चतुर्थी तर तीन, अष्टमी तर सहा. हा हिशेब कोळीवाड्यात सगळ्यांना येतो, पण काका तो दिवसातून दहा वेळा बोटांच्या पेरांवर करायचे. लोक पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला घाबरतात, काका घाबरायचे ते अष्टमी-नवमीला. तेव्हा भांगाची भरती असते, कमी उंचीची, आवाज न करणारी. उधाणाला सगळे सावध असतात, भांगाला कुणी विचारत नाही आणि पाणी गुपचूप येऊन पायांशी बसतं, असं ते सांगायचे. मी जांभया द्यायचे.

तर नाताळच्या सुट्टीतला तो दिवस. तिथी नवमी.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत, मालाडला स्वतःची जागा, आईने नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. मला साडेचारची होडी पकडायची होती. रजा मागितली तर मालक म्हणाले, दुपारची फेरी तेवढी करून जा, माणसं जास्त आहेत.

माणसं अकरा होती. त्यांत एक बाई एकट्याच आल्या होत्या. मुलुंडच्या, टेलिफोन ऑपरेटर, चाळिशीच्या. बाईमाणूस एकटीच सुट्टीला येते म्हणून आम्हाला तेव्हा जरा नवल वाटलं होतं. त्या स्वतःहून म्हणाल्या, "आठ-आठ तास कानात माणसं बोलतात गं. दोन दिवस कुणी बोलायला नको, एवढंच पाहिजे." त्यांच्या गळ्यात सात नंबर होता.

तीनला निघालो. किनाऱ्याच्या उत्तरेच्या टोकाला काळे खडक आहेत, आणि त्यांच्या पुढे समुद्रात घुसलेला एक मोठा खडक, वर बसायला सपाट. ओहोटीला मधल्या घळीतून चालत तिथे जाता येतं, तळव्याला ओल लागते इतकंच. लोक तिथे बसले, खेकडे बघितले, फोटो काढले. चारला दहा मिनिटं असताना काकांनी शिट्टी वाजवली. "चला. आज नवमी, पाणी पावणेसातला भरतला. चारानंतर घळीत पाणी."

सगळे उठले. ऑपरेटर बाई उठल्या नाहीत. काका पुढे निघून गेले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला ना बाई."

त्यांनी डोळे मिटले होते. "इथे काय शांत आहे गं. पाचच मिनिटं. तू हो पुढे, मी आलेच." आणि गळ्यातला बिल्ला काढून माझ्या हातात दिला. "हा लावून टाक, नाहीतर तुमचा तो म्हातारा शिट्ट्या मारत बसेल."

माझ्या डोक्यात साडेचारची होडी. हिरवी साडी इस्त्रीला टाकलेली, ती आईने आणली असेल का. मी बिल्ला घेतला. घेतला आणि निघाले. शेपूट होते ना मी? माझ्यामागे कुणी उरता कामा नये होतं. एकदाही वळून बघितलं नाही.

व्हरांड्यात सगळे आपापले बिल्ले लावत होते. काका मोरीपाशी पाय धूत होते, पाठ इकडे. मी सात नंबर खिळ्यावर अडकवला. बोर्ड भरला. पर्स उचलली आणि धक्क्याकडे धूम ठोकली.

होडी मिळाली. खाडीच्या मधोमध आलो तेव्हा मी केस नीट करायला आरसा काढला, आणि आरशात मागचा मनोरीचा धक्का दिसला. मी चढले तेव्हा धक्क्याच्या चार पायऱ्या उघड्या होत्या, आता तीन होत्या. एवढंच दिसलं, आणि मला खडकावरच्या बाई आठवल्या.

पहिल्यांदा मी स्वतःला समजावलं. आल्या असतील. पाच मिनिटं म्हणाल्या होत्या. घोडनवरी बाई आहे, कुकुलं बाळ आहे का? पाणी बघून उठतील. पण त्यांनी डोळे मिटले होते. आणि झोप लागली असली तर? नसतील आल्या तर काका शोधतील. काका शोधतातच. मग लक्षात आलं, की काका शोधणार नाहीत. बोर्ड भरलेला आहे. मी भरलाय. बाई एकट्या आलेल्या, त्यांची चौकशी करायला नवरा नाही, पोर नाही. रात्री जेवणाच्या टेबलाशी मोकळी खुर्ची दिसेपर्यंत या जगात कुणालाही कळणार नाही, की त्या आल्या नाहीत. त्या क्षणाला मी जशी घाबरले, तशी नंतर कधी घाबरले नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

"होडी फिरवा!" मी ओरडले.

तांडेल, म्हणजे होडी चालवणारा बाप्या, माझ्या रोजच्या ओळखीचा. तो म्हणाला, "मध्येच कशी फिरवू? माणसं हायेत ना." बरोबरच होतं त्याचं. मार्व्याचा धक्का आला, सगळे उतरले, मी उतरले नाही. त्याने बिडी काढली. इकडची माणसं भरल्याशिवाय तो निघत नसे. धक्क्यावर दोघंच उभी होती.

"दादा, खडकावर बाई आहे. नवमी आहे आज. मी तिचा बिल्ला लावून आले." मी काय बरळत होते त्याला काय कळणार? पण त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं, बिडी फेकली आणि होडी तशीच रिकामी ढकलली. "रडू नको. समुद्राच्या अंगाला आमच्या भावाची छोटी होडी हाय. मी तिकडून येतो. तू फुडं पळ."

पळाले. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊन पळाले. व्हरांड्यात मालक बसले होते, पाहुणे भजी खात होते, बोर्ड गच्च भरलेला. टेबलावर काकांचा चहा. साय धरलेला, तसाच.

"काका कुठेत?"

"मला काय माहीत! चपला मोजत होता. दहा जोड, दहा जोड करत दोनदा मोजले, आणि दोर घेऊन खडकाकडे पळत सुटला. मी म्हटलं बोर्ड भरलाय काका, चहा घ्या. ऐकेल तर शपथ." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू होडीने गेली होतीस ना?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही.

खडकांशी पोचले तेव्हा सूर्य टेकत आला होता. घळ कुठे दिसेना. जिथून दुपारी तळवा भिजत नव्हता तिथे काळं पाणी आत-बाहेर हेलकावत होतं, दगडांवर आपटत नव्हतं, घासत होतं. अलीकडच्या खडकाला सुंभाचा दोर बांधलेला. दोर पाण्यातून गेलेला, आणि पलीकडे मोठ्या खडकाच्या माथ्यावर दोन माणसं. कानटोपीवरून मी ओळखलं.

पायाचा तळवा ओला न करणारा माणूस! छातीएवढ्या पाण्यातून गेला होता. पोहायला येत नसताना. तिला घेऊन परत येणं शक्य नव्हतं, ओढ वाढली होती आणि खालचे शिंपले सुरीसारखे. मग गेला कशाला हा? मी "काका!" करून दोराला हात घातला.

"येव नको!" पलीकडून आवाज आला. "थंयच रव! बस खाली!"

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं निमूट ऐकलं. अंधार पडत होता. पाणी त्या दोघांच्या पायांच्या खाली कितीवर आलंय ते दिसत नव्हतं, फक्त चुळूकचुळूक ऐकू यायचं. मी तिथीची पाऊणपट करत बसले, नऊ गुणिले तीन भागिले चार, परत परत. दर वेळी पावणेसातच यायचं आणि दर वेळी मला वाटायचं, मी चुकतेय. आणि मधूनच पलीकडून बाईंचा आवाज यायचा, अगदी ऑफिसातला. "कोणता नंबर हवाय?" मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांना डोळा लागला होता, जाग आली तेव्हा चारी बाजूंनी पाणी. त्या घळीत उतरणारच होत्या, कमरेपर्यंत उतरल्याही होत्या, इतक्यात शिट्टी ऐकू आली. काका पलीकडून ओरडत होते, "वर चढा! माथो बुडणा नाय! भांगाची भरती आसा!" पण भीतीने त्यांना काही ऐकू येईना, त्या पुढेच पाय टाकायला लागल्या. तेव्हा काका दोर बांधून पाण्यात शिरले. त्यांना धरून वर ओढलं, आणि दात वाजत असताना म्हणाले, "आता आमका फकत बसाचा आसा." बाई परत परत उठायला बघायच्या. मग काकांनी त्यांना ट्रंककॉल लावायला सांगितला. मालवणला लावा. बाई म्हणायच्या, लाइन व्यस्त आहे. मग कणकवलीला लावा. बाईंनी सगळी कोकणपट्टी लावून बघितली.

सातच्या सुमाराला तांडेलाची होडी कंदील घेऊन समुद्राच्या बाजूने आली आणि दोघांना उतरवून घेऊन गेली. मी वाळूवर उताणी पडून ढसाढसा रडले, जोरात, गळा काढून.

व्हरांड्यात काकांना घोंगडी दिली, बाईंना मालकांच्या मंडळींची शाल. काकांचे तळपाय शिंपल्यांनी चिरले होते, पायरीवर रक्ताचे ठसे उमटले. मालक म्हणाले, आधी चहा घ्या. काका बोर्डापाशी गेले. सात नंबर काढला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी वाट लागणार. मी मान खाली घातली.

त्यांनी बिल्ला ऑपरेटर बाईंच्या हातात दिला. "लावा तुमचो."

गारठलेल्या बोटांनी बाईंना दोऱ्याचं वेटोळं खिळ्यावर घालता येईना. तीनदा चुकलं. मालक मदतीला पुढे झाले तर काकांनी त्यांना हाताने अडवलं. चौथ्या वेळी लागला. मग काका खाली बसले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

सगळे जेवायला गेल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "काका, मी लावला तो बिल्ला. माझ्या हाताने. चुकलं माझं."

"म्हायत आसा."

"मग ओरडा ना. मारा एक."

त्यांनी कप खाली ठेवला. "मियांच लायलंय," ते म्हणाले. मीच लावला म्हणजे? मला कळेना. "माझ्या भावाचो बिल्लो. गिरणीत. दोन पाळये केल्यान तेना, तो कापसाच्या गोदामात आडवो पडलो. 'दादा, तू हो फुडे, मी इलंयच. माझो बिल्लो लाव, नायतर साहेब शोधूक येतलो.' म्हणान मी लायलंय."

मी खाली बसले.

"गोदामाक आग लागली. कापसाची आग पाण्यान विझना नाय, दारां लावन कोंडूक लागता. साहेबान बोर्ड बघितल्यान. बोर्ड भरललो. म्हणान दारां लायल्यानी." ते थांबले. "मी गेटावर चाय पित होतंय."

मी त्यांच्या चिरलेल्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "पण तुम्हाला पोहता येत नाही, तिला आणता येणार नव्हतं. मग पाण्यात का गेलात?"

"तो आत एकटोच होतो गो," काका म्हणाले.

माझं ते स्थळ गेलं. मुलाकडच्यांना दोन तास बसवून मुलगी आलीच नाही, तेव्हा जाणारच होतं. आईने आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरलेल्या पायांना फडकी बांधून काका फेरीला उभे होते. मी शेपटाला उभी राहिले आणि त्या दिवसापासून इतक्या वेळा मागे वळून बघितलं, की मान धरली.

पुढे दीड-दोन वर्षांत कॉटेजेस विकली गेली. काका ती फळी डोक्यावर घेऊन होडीत चढले, जोगेश्वरीला घेऊन गेले. ते वारल्याचं मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा खोलीत काकी एकट्याच होत्या. भिंतीवर फळी होती, दोनपासून पंचवीसपर्यंत सगळे बिल्ले जागच्या जागी, धूळ पुसलेले. काकींनी फळकुटावरचा डबा काढला आणि त्यातून एक पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला. झिजून गुळगुळीत झालेला, आकडा बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. भावाचा. हे गेले तेव्हा सदऱ्याच्या खिशात होता, त्या म्हणाल्या. रोज असायचा.

"दोघे भाव भेटले असतीत आता," काकी म्हणाल्या. "तो खिळो बघवना नाय गो माका. लावन टाक तू. तुझो हात पोचता."

मी उठले. फळीपाशी गेले. खिळा माझ्या डोळ्यांसमोर होता, दोरा बोटांत होता, आणि मागे ती म्हातारी आशेने बघत होती. काय बिघडलं असतं? पण हात वर गेला तो तिथेच थांबला, आणि मी वळून बिल्ला काकींच्या मुठीत परत ठेवला.

"नको काकी," मी म्हटलं. "दुसऱ्याचा बिल्ला आपण लावायचा नाही."